वड्याचं तेल वांग्यावर!

बॉसचा राग आईवर, लोकलचा राग बायकोवर... रोजची ही चिडचिड येते तरी कुठून?

संध्याकाळी आईचा फोन येतो. ‘‘कधी निघतोयस? कणीक भिजवून ठेवू का?’’ बस्स, एवढंच. आणि आपण खेकसतो, ‘‘आलो की सांगतो ना! रोज काय तेच तेच!’’ पलीकडून हळूच फोन ठेवला जातो. कणकेत एवढं चिडण्यासारखं काय होतं, हे आपल्यालाही सांगता येत नाही.

कारण कणकेत काहीच नव्हतं. गडबड सुरू झाली सकाळी, डोंबिवलीची ८.४२ची फास्ट चुकली तेव्हा. पुढच्या गाडीत ठाण्यापर्यंत एका पायावर, मग कशीबशी चौथी सीट. पीक अवरच्या या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं खास नाव आहे. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं! त्यानंतर क्लाएंटनं परत पाठवलेलं प्रेझेंटेशन, मीटिंगमध्ये हुकलेला लंच आणि चार वाजता तिसरी कॉफी. यातल्या कशावरच आपण चिडलेलो नसतो. क्लाएंटवर चिडून चालत नाही, लोकलवर चिडून उपयोग नाही. मग उरतं कोण? जे ऐकून घेईल ते माणूस.

आपल्या आज्यांनी याला केव्हाच नाव देऊन ठेवलंय, वड्याचं तेल वांग्यावर. सायकॉलॉजीवाले ‘डिस्प्लेस्ड ॲग्रेशन’ म्हणतात, पण आज्यांचा शब्द जास्त चविष्ट आहे! यामागचा फंडा डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञानं १९७१मध्ये मांडला. एखाद्या प्रसंगानं छाती धडधडते, खांदे ताठ होतात. प्रसंग संपतो, पण शरीर लगेच खाली येत नाही. उरलेली उत्तेजना रेंगाळते आणि पुढे जो प्रसंग येईल त्याला जाऊन चिकटते. आपल्याला वाटतं, विषय संपला. शरीराचं मीटर मात्र चालूच असतं, वेटिंगला थांबलेल्या रिक्षासारखं.

त्यात झोपेची बोंब. २००७मध्ये अमेरिकेत मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना सुमारे ३५ तास जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली. मेंदूतला अमिग्डाला हा भावनांचा अलार्म, झोप झालेल्यांच्या तुलनेत, सुमारे ६० टक्के जास्त जोरात वाजला. ३५ तास कोण जागतं म्हणा! पण रात्री दीडपर्यंत रील्स आणि सकाळी सहाचा अलार्म, असं आठवडाभर चालतंच की. शिवाय कॅफीन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाची कॉफी रात्री अकराला निम्मी अंगात! आणि भूक? भुकेनं चिडलेल्यांसाठीचा ‘हँग्री’ हा शब्द २०१८मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीतही गेला.

‘मनात ठेवू नकोस, काढून टाक’ असा सल्ला सगळेच देतात. ब्रॅड बुशमन यांनी २००२मध्ये तो तपासून पाहिला. ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक, नुसते गप्प बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. कॅन्टीनमधलं आपलं अर्ध्या तासाचं बॉसपुराणही, माझ्या मते, त्याच जातीचं. मजा येते, पण उठताना डोकं अजून तापलेलं असतं.

त्यापेक्षा नाव द्या. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७च्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला नुसता शब्द दिला तरी अमिग्डाला शांत होत होता. आपण मात्र सगळ्याला ‘टेन्शन’ म्हणून मोकळे होतो. अहो, मराठीत केवढी श्रीमंती आहे! वैताग वेगळा, त्रागा वेगळा. धुसफूस आतल्या आत, फणकारा तोंडावर. चडफड तिथे, जिथे आपलं काही चालत नाही. क्लाएंटचा मेल वाचून होते ती चडफड की अपमान, हे स्वतःला नीट विचारलं तर उत्तर बरेचदा तिसरंच येतं, ‘मला भीती वाटतेय’. किंवा त्याहून साधं, ‘मी दमलेय’.

हे घरी एका वाक्यात सांगता येतं. ‘‘आई, आज दिवस वाईट गेला, तुझ्यावर नाही चिडलेय, वीस मिनिटं दे.’’ स्टेशनवरून घरी जाताना शेंगदाण्याची एक पुडी खाल्ली, दहा मिनिटं हळू चाललं, तर हे वाक्य सुचण्याइतकं भान राहतं. नाहीतर होतं काय, की घरचे भांडत नाहीत, त्यांना सवय होते. ते विचारायचंच सोडून देतात. घरात छान शांतता होते आणि आपल्याला वाटतं, बरं झालं, कटकट गेली!

आणि झोप, जेवण सगळं ठीक असूनही चिडचिड दोन-दोन आठवडे हटत नसेल, तर ‘स्वभावच आहे माझा’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना गाठा. थायरॉइड वाढला तरी असं होतं (हो, पुरुषांनाही होतो तो!). पाळीच्या आधीच्या दिवसांत दर महिन्याला हेच होत असेल, तर कॅलेंडरवर खूण करून ते डॉक्टरांना दाखवा. डिप्रेशन तर अनेकदा रडण्याऐवजी चिडण्यातूनच दिसतं. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर ऑक्टोबर २०२२पासून सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट आणि मराठीतही.