दुकानाच्या गल्ल्यातून दवाखान्याचे बिल

टेंभुर्णीसारख्या बाजारगावात व्यापारी घराचा खर्च आणि दुकानाचा गल्ला यांच्यात सहसा भिंत नसते. घरातील कुणाला सोलापूर किंवा पुण्याच्या रुग्णालयात दाखल करावे लागले, की रक्कम उचलली जाते ती मालाच्या पैशातूनच. खतावणीत तिची नोंद 'घरखर्च' अशी होते आणि हंगामाच्या तोंडावर माल कमी का भरला, याचे कारण कुठेच लिहिलेले राहत नाही.

ही पदरमोड टाळण्याची सोय असूनही अनेक कुटुंबे तिच्याकडे वळत नाहीत. 'आपले रेशनकार्ड पांढरे' ही जुनी समजूत आड येते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली, आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आरंभी पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांसाठी होती. २०२३ च्या शासननिर्णयाने ती पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांनाही खुली झाली आणि कुटुंबामागे वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर गेली. मात्र उपचार यादीतील हवा, रुग्णालय अंगीकृत हवे. दाखल होतानाच तेथील आरोग्यमित्राला गाठावे. बिल भरल्यानंतरची धावपळ बहुधा वाया जाते. सत्तरी गाठलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राची आयुष्मान योजनाही उत्पन्नाच्या अटीविना मिळते.

खरी गळती रोजच्या गोळ्यांची. रक्तदाब आणि मधुमेह यांची औषधे घरीच घ्यायची असतात. तेथे या योजना कामी येत नाहीत. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातील जेनेरिक औषधे घेतली, तर हा खर्च पुष्कळदा निम्म्याहून खाली येतो. पाकिटावरील नावाचीही किंमत असते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

जवळच्या बार्शीत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव स्त्रियांना लक्षणे समजावून सांगितली गेली, तेव्हा गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. लवकर सापडलेल्या आजाराचा खर्चही सहसा कमी असतो. चतुर्विध दानांतील औषधदान एका दिवसाच्या शिबिरापुरते का राहावे? दुकानातील नोकर आणि हमाल यांच्या कुटुंबांचीही आयुष्मान कार्डे काढून देणे आणि वर्षातून एकदा रक्तदाब-साखर तपासणे, एवढे काम समाजाच्या मंडळांना झेपण्याजोगे आहे. चातुर्मासात मंदिरात रोज माणसे जमतातच. बाहेरच्या ओसरीवर एक टेबल आणि नोंदवही पुरेल.