गाडीचे आवाज काय सांगतात?

एस.टी. स्थानकावर एक आवाज तुम्ही नेहमी ऐकला असेल. बस फलाटाला लागते, चालक एक खटका ओढतो आणि ‘फुस्स्’ असा जोराचा आवाज होतो. जवळ उभे असलेले लहान मूल दचकते. चाकातील हवा गेली की काय, असे त्याला वाटते. चालक मात्र शांतपणे खाली उतरतो, कारण हा आवाज बिघाडाचा नसून गाडी जागच्या जागी घट्ट धरली गेल्याचा आहे, हे त्याला ठाऊक असते.

अशाच बसच्या किंवा मोठ्या व्हॅनच्या सांगाड्यावर ‘मोटारहोम’ बांधतात. झोपण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी असे सारे त्यात असते. थोडक्यात, ते चाकांवरचे घर! महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांतून पर्यटन करण्याविषयीचे धोरण जाहीर केले. या घरात भांडी खडखडतात, कपाटांची दारे करकरतात आणि त्या गोंगाटात गाडीचा खरा इशारा हरवू शकतो. तो कसा ओळखावा? त्यासाठी एक सोपा नियम आहे. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो केव्हा येतो, हे आधी पाहावे.

हवेचा सुस्कारा

लहान व्हॅनचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. बससारख्या अवजड गाडीत मात्र दाबलेली हवा वापरतात. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो. तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे आठपट असतो. चालकाने पायाने ब्रेक दाबला की ही हवा चाकांकडे जाते आणि ब्रेक आवळते. पाय उचलला की वापरलेली हवा बाहेर पडते आणि आपल्याला ‘फुस्’ ऐकू येते.

गाडी उभी करताना होणारा आवाज याहून मोठा असतो. तेथे ब्रेक लावण्याचे काम हवा करीत नाही, ते एक बळकट स्प्रिंग करते. गाडी चालू असताना हवा या स्प्रिंगला दाबून ठेवते. हवा सोडली की स्प्रिंग मोकळी होऊन चाके जखडते. म्हणजे टाकीतील हवा गळून गेली तरी गाडी घरंगळत जाणार नाही, उलट ती थांबेल! जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७२ साली आगगाडीसाठी जो स्वयंचलित ब्रेक तयार केला, त्यातही हवेचा दाब घटला की ब्रेक लागावा, हीच युक्ती होती.

तेव्हा खटका ओढल्यावर किंवा पाय उचलल्यावर येणारा सुस्कारा निर्धोक समजावा. टाकी भरल्यावर एक झडप जास्तीची हवा आणि त्यातील दमटपणा बाहेर टाकते, तो अधूनमधून येणारा ‘फट्-फुस्स्’ही तसाच. पण इंजिन बंद असताना बारीक ‘सूंऽऽ’ सतत चालू राहिला, तर हवा कोठेतरी गळत आहे. आणि दाब कमी झाल्याचा भोंगा वाजू लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवलीच पाहिजे.

किल्ली फिरवताना

आता इंजिन सुरू करू या. किल्ली फिरवली आणि इंजिन न फिरता नुसते ‘टकटकटक’ ऐकू आले, तर काय समजावे? इंजिनाला पहिला फेरा देणाऱ्या स्टार्टर मोटारीला फार मोठा विद्युतप्रवाह लागतो. तो जोडण्यासाठी एक विद्युतचुंबक लोखंडी दांडा ओढून घेतो, त्याचा ‘टक्’ असा आवाज होतो. बॅटरी दुबळी असेल, तर मोटारीने प्रवाह ओढताच विद्युतदाब कोसळतो. चुंबकाची शक्ती जाते आणि दांडा सुटतो. प्रवाह तुटला म्हणून दाब पुन्हा चढतो, आणि चुंबक दांडा पुन्हा ओढतो. हे चक्र सेकंदात कित्येक वेळा घडते. म्हणून ‘टकटक’ ऐकल्यावर इंजिन खोलण्याआधी बॅटरी आणि तिच्या तारांची टोके तपासावीत.

चढावरची खटखट

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि फवारलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन थंड असताना ते पेटायला क्षणभर उशीर होतो. तेवढ्यात साचलेले इंधन एकदम भडकते आणि ‘खडखड’ ऐकू येते. इंजिन तापले की हा आवाज सौम्य होतो.

पेट्रोल इंजिनात ठिणगीपासून ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. अवजड गाडी वरच्या गिअरमध्ये चढ चढू लागली, की ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातील मिश्रण दाबाने व उष्णतेने स्वतःहून पेटते. त्यातून दाबाच्या लहरी उठतात आणि सिलिंडर हातोडी मारल्यासारखा वाजतो. ही खटखट चालू राहिली, तर दट्ट्याला इजा होते. खालचा गिअर टाकावा आणि इंजिनाला सांगितलेल्या प्रतीचेच पेट्रोल भरावे. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांवर ही कंपने टिपणारा एक स्फटिक बसवलेला असतो. खटखट जाणवताच ठिणगी किंचित उशिरा पाडली जाते. म्हणजे गाडीही स्वतःचे आवाज ऐकते!

ब्रेकची किंकाळी

काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओले बोट फिरवा. पेला गाऊ लागतो. बोट क्षणभर कडेला चिकटते, लगेच निसटते, पुन्हा चिकटते. या हिसक्यांनी काच कंप पावते. ब्रेकचे लायनर फिरत्या चकतीवर घासताना असेच घडते आणि सेकंदाला हजारो कंपनांचा कर्कश स्वर निघतो. पहाटेच्या दवाने चकतीवर गंजाचा पातळ थर चढतो, म्हणून सकाळचे पहिले दोन-चार ब्रेक किंचाळतात. थर घासला गेला की आवाज थांबतो. तो थांबला नाही, तर लायनर झिजले असावे. काही गाड्यांत लायनरला पोलादाची छोटी पट्टी मुद्दाम लावतात. लायनर संपत आले की ती चकतीला घासून ओरडते. ‘खर्र खर्र’ आवाज आला, तर मात्र धातूवर धातू घासत आहे. पुढे जाऊ नये.

आवाज न करणारा धोका

लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी ५०० मीटरहून अधिक खाली येते. पाच टनांचे मोटारहोम असेल, तर ५०० मीटरच्या उतारात वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार होतो सुमारे २४५ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने २० अंशांचे सुमारे ७० लिटर पाणी उकळीला येईल! ही सारी उष्णता ब्रेकमध्येच गेली, तर लायनर अतिशय तापते आणि त्याचे घर्षण घटते. तेलाच्या ब्रेकमध्ये तेल उकळून बुडबुडे झाले, तर पायाखालचा ब्रेक मऊ पडतो. या वेळी किंकाळी नाही, खडखड नाही. फार तर जळका वास येतो. म्हणूनच घाट उतरताना सुरुवातीपासून खालचा गिअर ठेवतात, म्हणजे गाडीला रोखण्याचा बराच भार इंजिन उचलते.

पुढच्या प्रवासात एक वही जवळ ठेवा. तीत तीन रकाने आखा: आवाज कसा, केव्हा आला, त्या क्षणी चालकाने काय केले. चालत्या गाडीच्या चाकांजवळ मात्र जाऊ नका. सारे काही आपल्या जागेवर बसूनच ऐकता येते. चार-सहा नोंदी झाल्या की कोणता आवाज रोजचा आणि कोणता मदतीची हाक आहे, हे तुमचे तुम्हालाच सांगता येईल.