आधी कोणता प्रश्न? नगरच्या राजकारणातले सात गैरसमज

१३ मे २०२४ रोजी अहमदनगर आणि शिर्डी या दोन्ही मतदारसंघांत लोकसभेसाठी मतदान झाले. त्याआधी महिनाभर जिल्ह्यात दोन वेगळे प्रचार चालू होते. सत्ताधारी बाजू देशाचे नेतृत्व, राम मंदिर, कलम ३७० आणि मोदी सरकारची दहा वर्षे यांवर बोलत होती. विरोधी बाजू कांद्याचा भाव, दुधाचा दर, बेरोजगारी आणि संविधान यांवर. विरोधकांना सत्ताधाऱ्यांचे मुद्दे भावनिक वाटत, तर सत्ताधाऱ्यांना विरोधकांचे संकुचित. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण देशापुढचा पहिला प्रश्न कोणता, हा वाद पारावर तसाच चालू आहे.

या वादात काही समजुती इतक्या मुरल्या आहेत की त्या तपासून पाहायचे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून त्या एकेक करून तपासू.

गैरसमज १ : राष्ट्रीय प्रश्न वेगळे, कांदा, दूध, पाणी हे गल्लीतले प्रश्न

वस्तुस्थिती : पारनेर, राहुरी, नेवासे, श्रीगोंदे या तालुक्यांत पिकणाऱ्या कांद्याचे भवितव्य दिल्लीत ठरते. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात शेती आणि पाणी हे विषय राज्यांच्या सूचीत आहेत, पण परदेशी व्यापार केंद्राच्या सूचीत आहे. पीक राज्याच्या अखत्यारीतले, त्याची निर्यात केंद्राच्या.

अलीकडचा घटनाक्रमच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यातमूल्य ठरवले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात पूर्ण बंद केली. ४ मे २०२४ रोजी, नगरच्या मतदानाला नऊ दिवस उरले असताना, बंदी उठली. मात्र ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले.

यातला एकही निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा मंत्रालयात झालेला नाही. तेव्हा लोकसभेच्या प्रचारात कांद्याचा भाव विचारणारा शेतकरी योग्य सभागृहाच्या उमेदवाराला योग्य प्रश्न विचारत होता. उलट गावातला रस्ता किंवा अंगणवाडी खासदाराकडे मागणे हे चुकीचे दार ठोठावणे आहे. त्यासाठी जिल्हा परिषद आहे. पण अहमदनगर जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ज्या दारात गावाचा प्रश्न न्यायचा, तिथे निवडून आलेले कोणी उरले नाही, याचीही चर्चा आपण पुरेशी केली नाही.

गैरसमज २ : एका पक्षाला शेतकऱ्याची कळकळ आहे, दुसऱ्याला नाही

वस्तुस्थिती : कांद्याची निर्यात दोन्ही आघाड्यांच्या सरकारांनी थांबवली आहे. डिसेंबर २०१० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०११ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या सरकारने ती बंद केली, तेव्हा केंद्रात कृषिमंत्री शरद पवार होते. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेच राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या सरकारने केले.

पक्ष बदलला तरी निर्णय तोच का होतो? कारण कांद्यात दोन प्रश्न आहेत. पिकवणाऱ्यासाठी तो भाव पडण्याचा प्रश्न आहे आणि शहरात विकत घेणाऱ्यासाठी महागाईचा. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली विधानसभेत भारतीय जनता पक्षाचा पराभव झाला, त्यात कांद्याच्या कडाडलेल्या दराचा मोठा वाटा मानला जातो. तेव्हापासून सत्तेत कोणीही असो, शहरातल्या भावाची धास्ती त्याच्या मनात असते. विरोधात असताना त्याच पक्षाला शिवारातला तोटा दिसतो.

महागाई आवरणे हे चुकीचे उद्दिष्ट नाही. खरा प्रश्न आहे तो त्याची किंमत कोणी मोजायची हा. २०२३ मध्ये केंद्राने राखीव साठ्याचे लक्ष्य ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेले आणि वाढीव खरेदीसाठी क्विंटलला २,४१० रुपये दर जाहीर केला. असा साठा करणे, कांदाचाळींना मदत देणे, भाव पडल्यावर फरकाची रक्कम देणे, की थेट सीमा बंद करणे, असे अनेक मार्ग होते. शेवटच्या मार्गात सगळा भार शेतकऱ्यावर पडतो. आपण पक्षांना विचारायला हवे ते हेच: यांतला कोणता मार्ग तुम्ही निवडणार, आणि सत्तेत आल्यावरही तोच निवडणार का?

गैरसमज ३ : प्राधान्यावरचे मतभेद पक्षांमुळेच होतात

वस्तुस्थिती : पैठणच्या जायकवाडी धरणाचे पाणी हे याचे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा. त्यातल्या समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार आणि मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. वरची धरणे म्हणजे नाशिकची, आणि नगरची मुळा, भंडारदरा, निळवंडे. २०२३ च्या पावसाळ्यानंतर अशी वेळ आली. तेव्हा ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला.

त्या वेळी कोण कुठे उभे होते? नगर-नाशिकमधल्या सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांचा विरोध होता आणि मराठवाड्यातल्या सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांची मागणी होती. एकाच पक्षाचे दोन नेते, एक गोदावरीच्या वरच्या अंगाला आणि दुसरा खालच्या, एकमेकांविरुद्ध बोलत होते. पाण्याचा क्रम पक्षाच्या झेंड्यावर ठरत नाही, धरणाच्या कोणत्या बाजूला आपली जमीन आहे यावर ठरतो. पैठणच्या खालचा शेतकरी पाण्यासाठी भांडतो तो आपल्या पक्षाचा शत्रू म्हणून नव्हे, हे नगरकराने समजून घेतले पाहिजे. आणि मुळा-प्रवरेच्या काठचा शेतकरी ऊस किंवा फळबाग वाचवायला धडपडतो तेव्हा तो स्वार्थी ठरत नाही, हे मराठवाड्यानेही.

गैरसमज ४ : नावाचा प्रश्न घेतला म्हणून पाण्याचा मागे पडला

वस्तुस्थिती : नामांतराच्या वादात हे वाक्य सतत ऐकू येते. ३१ मे २०२३ रोजी अहिल्यादेवींच्या जयंतीला, त्यांच्या जन्मगावी चौंडीला, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा केली. १३ मार्च २०२४ रोजी मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये नाव अधिकृत झाले.

चौंडीच्या घोषणेच्याच दिवशी निळवंडेच्या डाव्या कालव्यात चाचणीचे पहिले पाणी सोडले गेले. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते ८५ किलोमीटरच्या त्या कालव्याचे लोकार्पण झाले. नाव आणि पाणी एकाच सरकारच्या काळात, एकाच वर्षात पुढे सरकले.

तरीही हे वाक्य ज्या तळमळीतून येते ती खोटी नाही. निळवंडेची कल्पना १९७० ची. तेव्हा सुमारे ८ कोटींचा अंदाज होता, तो ५,१७७ कोटींवर गेला. नगर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या सात तालुक्यांतली १८२ गावे या पाण्याची वाट पाहत होती. या ५३ वर्षांत राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक प्रमुख पक्षाने सत्ता भोगली, आणि तेव्हा नामांतराचा ठराव कोणाच्या आड आलेला नव्हता. कालवा रखडला तो पुनर्वसन, भूसंपादन, निधी आणि कालव्याच्या मार्गावरचे वाद यांमुळे. ही कारणे कंटाळवाणी आहेत, त्यांवर सभा होत नाहीत. म्हणून दोष सोप्या कारणावर ढकलला जातो. ज्याला पाण्याचा प्रश्न पुढे आणायचा आहे, त्याने दर वर्षी अर्थसंकल्पात कालव्याला किती रक्कम मिळाली ते विचारावे. नावाच्या पाटीशी भांडून चारीत पाणी येत नाही.

गैरसमज ५ : जो पक्ष प्रश्न लावून धरतो, तोच तो सोडवतो

वस्तुस्थिती : २०११ साली राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी दिल्लीत आधी जंतरमंतरवर आणि मग रामलीला मैदानावर उपोषण केले. त्या वर्षी भ्रष्टाचार हा देशातला पहिल्या क्रमांकाचा प्रश्न झाला होता. तेव्हाच्या विरोधी पक्षाने तो उचलून धरला, तर सरकारने आढेवेढे घेतले. तरी लोकपाल कायदा झाला तो त्याच सरकारच्या काळात, डिसेंबर २०१३ मध्ये, आणि राष्ट्रपतींची सही १ जानेवारी २०१४ ला झाली. पहिले लोकपाल न्यायमूर्ती पिनाकीचंद्र घोष यांची नेमणूक मात्र मार्च २०१९ मध्ये झाली. मधली पाच वर्षे सत्ता होती ती कायद्यासाठी आग्रह धरणाऱ्या पक्षाची. निवड समितीत विरोधी पक्षनेता हवा आणि लोकसभेत मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेताच नाही, ही अडचण सांगितली गेली. जानेवारी २०१९ अखेर अण्णांना राळेगणमध्ये पुन्हा उपोषणाला बसावे लागले.

असेच उलटही घडते. २०२४ च्या जाहीरनाम्यात जातनिहाय जनगणनेचे आश्वासन काँग्रेसने दिले होते; ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय भाजपच्या नेतृत्वाखालील केंद्र सरकारने घेतला. २०२४ मध्ये राज्यातल्या सत्ताधारी महायुतीने महिलांना महिना १,५०० रुपये देणे सुरू केले आणि विरोधातल्या महाविकास आघाडीने विधानसभेच्या प्रचारात ३,००० रुपयांचे वचन दिले. प्रश्नाची मालकी कोणाकडे कायम राहत नाही. समाजाचा रेटा पुरेसा असेल, तर विरोधकाचा मुद्दा सत्ताधाऱ्याच्या अजेंड्यावर येतोच.

गैरसमज ६ : निकाल लागला म्हणजे जनतेने प्रश्नांचा क्रम ठरवला

वस्तुस्थिती : ४ जून २०२४ रोजी अहमदनगरमधून नीलेश लंके २८,९२९ मतांनी निवडून आले. शिर्डीत भाऊसाहेब वाकचौरे जिंकले. दोन्ही जागा महाविकास आघाडीकडे गेल्या आणि कांद्याने सरकारला रडवले, असा अर्थ लावला गेला. सहा महिन्यांच्या आत, नोव्हेंबरमध्ये, याच जिल्ह्यातल्या विधानसभेच्या १२ पैकी १० जागा महायुतीने जिंकल्या. संगमनेरमधून बाळासाहेब थोरातांसारखे ज्येष्ठ नेते पराभूत झाले. कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवार जेमतेम १,२४३ मतांनी तरले. मग कांद्याचा प्रश्न सहा महिन्यांत संपला का? तसे मुळीच नाही. २० टक्के शुल्क तेव्हाही लागूच होते.

मतपत्रिकेवर कारणाचा रकाना नसतो. एकाच मतात उमेदवाराशी ओळख, जात, कारखान्याचे राजकारण, योजनेचा हप्ता, आरक्षणाचा प्रश्न आणि देशाचे नेतृत्व, सारे मिसळलेले असते. क्रम जाणून घ्यायचा तर लोकांना थेट विचारावे लागते. लोकनीती-सीएसडीएसने २०२४ च्या निवडणुकीआधी १९ राज्यांत केलेल्या पाहणीत २७ टक्के लोकांनी बेरोजगारी, २३ टक्क्यांनी महागाई आणि १३ टक्क्यांनी विकास हा मतदानाचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असल्याचे सांगितले. भ्रष्टाचार आणि राम मंदिर प्रत्येकी ८ टक्क्यांवर होते. व्यासपीठावर ज्या क्रमाने मुद्दे येतात, त्याच क्रमाने ते लोकांच्या मनात असतात असे नाही.

गैरसमज ७ : प्राधान्यावर भांडणे हाच लोकशाहीचा रोग

वस्तुस्थिती : असे भांडण प्रत्येक लोकशाहीत आहे. अमेरिकेत एक पक्ष स्थलांतर आणि सरकारी कर्ज पुढे ठेवतो, दुसरा बंदुकांचा हिंसाचार आणि हवामानबदल. कशाला आधी हात घालायचा हा मूल्यांचा प्रश्न आहे, आणि त्यावर प्रामाणिक माणसांचे दुमत होणारच.

मतभेदांतूनही काम होते याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हात आणि रिकामी पोटे पाहिल्यावर सत्ताधारी काँग्रेस आणि मोर्चे काढणारे विरोधक एका मुद्द्यावर आले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला तिने वाट दाखवली. १ जून २०१७ रोजी राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याच्या शेतकऱ्यांनी संप पुकारला. तो राज्यभर पसरला आणि त्याच महिन्यात ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. सुरुवात कोण्या पक्षाच्या कार्यालयातून झाली नव्हती, गावाच्या ग्रामसभेतून झाली होती.

रोग वेगळाच आहे. आपण आधी पक्ष निवडतो आणि मग त्याने दिलेल्या क्रमाने देशाकडे पाहू लागतो. काल जो प्रश्न जीवनमरणाचा होता, तो आपला पक्ष सत्तेत येताच किरकोळ वाटू लागतो. निर्यातबंदी २०११ मध्ये चुकीची असेल तर २०२३ मध्येही ती चुकीचीच. हे ज्याला म्हणता येते, त्याच्याच प्राधान्यक्रमाला वजन येते.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी मत मागायला आले की चार गोष्टी विचारा. हा प्रश्न सोडवण्याचा अधिकार तुम्ही लढवता त्या सभागृहाकडे आहे का? तुमच्या जाहीरनाम्यात तो लिहिलेला आहे का? मागच्या वेळी सत्तेत असताना तुम्ही त्यावर कोणत्या तारखेला कोणता निर्णय घेतला? आणि तुमच्या उपायाची किंमत कोण मोजणार? उत्तरे ऐकल्यावर प्रश्नांचा क्रम मात्र स्वतः लावा. तो आपला हक्क आहे, आणि पक्ष कितीही आवडता असला तरी तो त्याच्या हवाली करू नये.