पवनीच्या उन्हात ऑर्किड

मे महिन्यात पवनीचा पारा पंचेचाळिशीच्या घरात गेला, की हौसेनं आणलेलं फॅलेनॉप्सिस मान टाकतं. आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत गर्द सावलीला वाढणाऱ्या या ऑर्किडला वैनगंगेकाठची कोरडी झळ मानवणार कशी? त्यापेक्षा व्हँडा टेसेलाटा बरी. विदर्भाच्या पानगळीच्या जंगलात आंब्या-मोहाच्या खोडावर ती आपसूक वाढते आणि ऐन उन्हाळ्यात फुलते. हिरवट-पिवळ्या पाकळ्यांवर तपकिरी जाळी, मधली ओठपाकळी निळी-जांभळी, शिवाय सुगंध.

अनेक जण तिला बांडगूळ समजून तोडतात. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस ओढतं. व्हँडा झाडाकडून नुसती जागा घेते. तिच्या दोरीसारख्या लोंबत्या मुळांवर मृत पेशींचं वेष्टन असतं, व्हेलामेन. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं. त्यावर पाणी शिंपडलं, की ते पारदर्शक होतं आणि बघता बघता आतला हिरवा रंग उमटतो. पाणी द्यायची वेळ इथंच कळते. मूळ हिरवं असेल तर थांबावं, पुन्हा रुपेरी झालं की द्यावं.

माती अजिबात नको. लाकडी टोपलीत कोळसा आणि विटांचे तुकडे पुरतात. दुपारच्या उन्हासाठी वर शेडनेट हवी. बोअरच्या जड पाण्यानं मुळांवर क्षारांचा पांढरा थर चढतो, म्हणून पावसाचं पाणी साठवलेलं उत्तम. पावसाळ्यात मात्र शेंड्यावर लक्ष ठेवावं. तिथं पाणी साचलं तर कोंब कुजतो, आणि व्हँडाची वाढ त्या एकाच कोंबातून होते.

मग जंगलातून आणावी का? मुळीच नाही. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यातून रोप काढणं गुन्हा आहे. शिवाय खोडावरून ओरबाडताना मुळं तुटतात आणि रोप बहुधा जगत नाही. बियांचं म्हणाल, तर त्या धुळीसारख्या बारीक असतात आणि त्यांत अन्नसाठा जवळपास नसतोच. निसर्गात त्या बुरशीच्या मदतीनं रुजतात, हे नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकानं 1899 मध्ये ओळखलं. 1922 मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी साखरमिश्रित आगरवर, बुरशीविना बिया रुजवून दाखवल्या. आज रोपवाटिकांत मिळणारी रोपं प्रयोगशाळेतली असतात ती या शोधाच्या बळावर. घेताना फुलांपेक्षा मुळांची टोकं पाहावीत. ती हिरवी, टवटवीत असतील तर मूळ वाढतंय. सगळीच सुकलेली असतील तर ते रोप तिथंच राहू द्यावं.