कूर्चेचे बियाणे आणि खत

कूर्चेला रक्तपुरवठा नसतो. म्हणून गुडघ्यातली झीज आपोआप भरून येत नाही. रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवण्याचा उपचार स्वीडनमधील डॉक्टरांनी १९९४ मध्ये जगापुढे मांडला. मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसच्या अशाच उपचाराला २०१७ मध्ये भारतात मान्यता मिळाली. मात्र बशीत वाढता वाढता या पेशी कूर्चा घडवणेच विसरू लागतात. म्हणून त्यांच्यात अस्थिमज्जेतील मूलपेशी मिसळल्या. कूर्चा वाढली, ती मूलपेशींचीच, असा समज झाला. २०११ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी माणसाच्या मूलपेशी व गुरांच्या कूर्चापेशी एकत्र वाढवून डीएनए तपासला. मूलपेशी बऱ्याच मरून गेल्या होत्या; त्यांच्या स्रावांवर कूर्चापेशी मात्र पोसल्या होत्या. म्हणजे कूर्चापेशी हे बियाणे, मूलपेशी हे खत. गुडघेदुखीच्या जाहिरातीत ‘स्टेम सेल’ दिसले, की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याप्रमाणे आधी बियाण्याची चौकशी करावी.