डॉल्बीच्या भिंतीमागचं संगीत

सातारा-सांगली भागात डॉल्बीचं नाव निघालं की मिरवणूक, ट्रॉलीवर रचलेले स्पीकर आणि हादरणाऱ्या खिडक्या डोळ्यांपुढे येतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. तिच्यावरून दरवर्षी वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण त्या गोंगाटात एक प्रश्न विचारायचा राहून जातो : स्पीकरमधून जे वाजतं, ते तयार कुणी केलं?

यूट्यूबवर ‘हलगी मिक्स’ किंवा ‘साउंडचेक’ शोधून बघावं. तालुक्याच्या गावांतून, घरच्या संगणकावर केलेले असे मिक्स ढिगाने सापडतात. श्रेयनामावली क्वचितच असते. गाणं रंगात आलं की मध्येच डीजेचं नाव पुकारणारा आवाज येतो, तीच त्याची सही. नव्या इलेक्ट्रॉनिक कलाकारांचा शोध या भागात इथूनच सुरू करायला हवा.

यातलं कसब ऐकायचं तर हेडफोन लावावा, कारण मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला खालचा बेस पेलत नाही. हलगीवादनाचा दोन-चार मात्रांचा तुकडा कापून एफएल स्टुडिओसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फिरता ठेवतात. लय जुळेपर्यंत तो ताणतात किंवा आखडतात. खाली दर मात्रेला किक ड्रमचा ठोका बसवतात आणि ठोका पडतो त्या क्षणी बाकीचे आवाज किंचित दाबतात. त्यामुळे सगळं गाणं धाप लागल्यासारखं वर-खाली होऊ लागतं. हलगीची कडक थाप वर, बेस तळाशी आणि मधल्या मोकळ्या जागेत सिंथेसायझरची धून. ही जागा नेमकी मोकळी ठेवणाऱ्या पोराला आवाजाची रचना कळते, मग तो संगीतशाळेत गेलेला असो वा नसो.

अशा कसबाची दखल उशिरा घेतली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण मुंबईतलं आहे. चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेतली : टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. त्यांवर त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बांधले. तबकडी फारशी खपली नाही. पुढे १९८७मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने त्याच टीबी-३०३वर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ काढलं आणि अ‍ॅसिड हाउस हा नृत्यसंगीताचा प्रकार जगभर पसरला. एडो बाउमन या डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी २००२मध्ये दिल्लीत सापडली. त्याने ती २०१०मध्ये पुन्हा काढली, तेव्हा कुठे जग थक्क झालं. सिंग २०१५मध्ये गेले. म्हणजे कौतुक ऐकायला त्यांना जेमतेम पाच वर्षं मिळाली.

आता वाट पुष्कळ सोपी झाली आहे. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ हे गाणं २०२४मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या नेदरलँड्सच्या नामांकित कंपनीने काढलं. अस्सल मराठी शब्द आणि हाउसचा ठेका. भाषा न समजणारेही त्यावर नाचले. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडची ‘गुलाबी साडी’ही त्याच वर्षी देशभर वाजली. तिचा बाज पॉपचा, पण बळ सिंथेसायझर आणि संगणकावरच्या ठेक्याचंच.

एवढ्यावर थांबू नये. बँडकॅम्पवर ‘पुणे’, ‘मुंबई’ अशा शहरांच्या नावांनी शोधता येतं, आणि गाणं विकत घेतलं तर पैशातला मोठा वाटा थेट कलाकाराकडे जातो. यूट्यूबवर एखादा मिक्स आवडला तर त्या पोराचं चॅनल उघडून त्याचं जुनं कामही ऐकावं. मिक्समागची स्वतःची धून ऐकवायची विनंती कमेंटमध्ये करावी. मागणी दिसली की मुलं रीमिक्स सोडून स्वतःचं करू धजतात.

नाव द्यायला मात्र या पोरांनीही शिकायला हवं. हलगी मातंग समाजातल्या वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली. मिक्समध्ये ज्याची थाप कापून वापरली, त्या वादकाचं नाव व्हिडिओखाली लिहायला एक ओळ पुरते, आणि कमाई झाली तर त्यात त्याचा वाटाही असायला हवा.