ढगांचे फोटो आणि चुलीचा धूर

गेल्या पावसाळ्यात सत्तरीच्या एक आजी माझ्या दवाखान्यात आल्या. बाहेरच्या बाकावरून उठून टेबलापर्यंत येईतो त्यांना धाप लागली होती. मी नेहमीचा प्रश्न विचारताच त्या उसळल्या, "डाक्टर, जन्मात कधी बिडीला हात लावला नाय मी. मग ह्यो दमा आला कुठून?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला आज जरा आभाळातून फिरून यावे लागणार आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या शाळकरी वयात दूरदर्शनच्या बातम्यांत भारताचे चित्र येई आणि त्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसत. हे फोटो पाठवणारा 'इन्सॅट-१बी' ऑगस्ट १९८३ मध्ये अमेरिकेच्या 'चॅलेंजर' यानातून अवकाशात गेला होता. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून तो सतत आपल्याच भागावर नजर ठेवून असे. त्या पुंजक्यांचा अर्थ लावणाऱ्यांत पुण्याचे डॉ. रंजन केळकर होते. १९६५ मध्ये ते हवामान खात्यात लागले, अडतीस वर्षे तिथेच राहिले आणि १९९८ ते २००३ या काळात खात्याचे महासंचालक होते. हवामानासाठीच बनवलेला आपला 'कल्पना-१' हा उपग्रह २००२ मध्ये सुटला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. निवृत्तीनंतर ते पुणे विद्यापीठात इस्रोच्या अध्यासनावर होते. उपग्रहाधारित हवामानशास्त्रावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००७ मध्ये निघाला.

त्यांचे काम मला आमच्या धंद्याच्या भाषेत समजते. रोग्याच्या पोटात काय चालले आहे ते आम्हांला दिसत नाही. आम्ही ताप मोजतो, नाडी बघतो आणि अंदाज बांधतो. उपग्रहालाही पाऊस दिसत नाही. त्याला दिसतो ढगाचा माथा आणि तो किती थंड आहे ते. माथा जितका थंड, तितका ढग उंच, आणि उंच ढग म्हणजे जोराचा पाऊस, असा हा ठोकताळा. १९८६ च्या मोसमी पावसात इन्सॅट-१बीने टिपलेल्या उष्णतेवरून पावसाचा अंदाज कसा बांधता येतो, यावर केळकरांनी ए. व्ही. आर. के. राव आणि अमेरिकेचे फिलिप आर्किन यांच्यासह १९८९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला.

गंमत अशी, की आपले कोकण या ठोकताळ्याला दाद देत नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि फारसे उंच न होताच धो धो कोसळतात. माथा गरम, म्हणून उपग्रह म्हणतो पाऊस थोडा, आणि खाली आपल्या पागोळ्या थांबत नाहीत. असे ढग जवळून तपासायला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला प्रयोगशाळाच थाटली.

आता मुद्द्याकडे येतो. ढगाचा थेंब हवेत आपोआप बनत नाही. त्याला बसायला कण लागतो, मग तो मिठाचा असो, धुळीचा असो की धुराचा. हेच कण आपण श्वासातून घेतो. मोठे कण नाकात अडतात. पण अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान, थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात.

१९९९ च्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत हिंदी महासागरावर मोठी मोहीम झाली. उपग्रह, विमाने आणि आपले 'सागर कन्या' जहाज कामाला लागले होते. अरबी समुद्रावरही धुराची तपकिरी दुलई पसरलेली सापडली. मोहिमेचे एक प्रमुख डॉ. व्ही. रामनाथन यांची हयात ढग आणि कण अभ्यासण्यात गेली. पुढे हेच गृहस्थ उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सुधारित चुलींचा प्रयोग करू लागले. मला हे फार आवडते. आकाशातला धूर मोजता मोजता माणूस स्वयंपाकघरात येऊन पोचला.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार काहींना आठवत असेल. पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ समुद्रावरून मुंबईवर आली, गाड्यांवर पांढरट थर बसला. उपग्रहाला हा लोट दुरून दिसतो, आणि ही सोय दम्याच्या रोग्याने वापरावी. अशी बातमी आली, की दोन दिवस खिडक्या लावून घ्याव्यात, पहाटेचे फिरणे बंद ठेवावे आणि पंप हाताशी ठेवावा.

पण उपग्रहाला मर्यादा आहेत. तो जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या कणांची मिळून बेरीज सांगतो. नाकापाशी किती, हे जमिनीवरचे यंत्रच सांगते. शिवाय ढगाखालचे कण त्याला दिसत नाहीत. म्हणजे जून ते सप्टेंबर रत्नागिरी त्याच्या दृष्टीने जवळजवळ झाकलेलीच. पाऊस बाहेरची हवा धुऊन काढतो हे खरे, पण नेमक्या त्याच दिवसांत माझ्याकडे धापेचे रोगी वाढतात. भिंतीला ओल येते, बुरशी धरते, दारे बंद असतात आणि चुलीत भिजके लाकूड धुमसत असते. एप्रिल-मेमधल्या भाजावळीचा धूर निदान उघड्यावर असतो. हा मात्र छपराखाली कोंडलेला.

आजींचे उत्तर तिथे होते. पन्नास वर्षे त्यांनी चूल फुंकली. फुंकणीने धूर ओढलेल्या बाईला बिडी न ओढताही बिडीवाल्याचा आजार होतो. फुंकून पाहण्याच्या साध्या तपासणीत तो कळतो. झिजलेले फुप्फुस पूर्ववत होत नाही, पण धूर थांबवला तर पुढची झीज मंदावते आणि पंपाने धाप कमी होते. 'पंपाची सवय लागते' हा समज चुकीचा आहे. उलट पोटातल्या गोळीपेक्षा पंपाचे औषध फारच थोडे लागते आणि ते थेट जागेवर जाते. ज्यांना पंप दाबणे आणि श्वास घेणे एकदम जमत नाही, त्यांनी स्पेसर मागून घ्यावा.

त्यांच्या घरी गॅस होता. सिलिंडर संपला की महिनाभर येत नाही, म्हणून तो चहापुरता, आणि भात, आंघोळीचे पाणी चुलीवर. मी मुलाला बोलावून सांगितले, की भात गॅसवर आणा, पाण्याची चूल पडवीत न्या, लाकडे मे महिन्यातच माळ्यावर चढवा आणि चुलीवरची दोन कौले काढून धुराडे बसवा. तो म्हणाला, "धुराड्यातून पाऊस येईल आत." वर पत्र्याची टोपी बसव म्हटले. दिवाळीनंतर आजी आल्या तेव्हा बाकावरून टेबलापर्यंत न थांबता आल्या. धुराडे अजून बसलेले नाही. पाण्याची चूल मात्र पडवीत गेली आहे.